दामूअण्णांचा विलायती नळ

कोरड्या नळाला रोज चिंच लावून घासणारा माणूस तुम्ही पाहिलाय? नाशकात होता, तोही आमच्याच गल्लीत. दामूअण्णा. ती पितळी विलायती तोटी ते अशी लखलखीत ठेवत, की पोरं तिच्यात बघून भांग पाडत. पाण्याचा थेंब मात्र त्या तोटीने कधी पाहिला नव्हता.

गावाने विलायतेत कर्ज काढून नळाचं काम काढलं होतं. अट अशी, की पैसा त्यांचा तर मालही त्यांचा आणि कंत्राटदारही त्यांचाच. खिळासुद्धा बोटीतून यायचा. अण्णा त्या कंत्राटदार साहेबाचे दुभाषे. वर साहेबाची जुनी हॅट, खाली धोतर. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "विलायती काम आहे, घाई नको!"

आमचा शिंपी म्हणायचा, "पैसा त्यांचा, नळ त्यांचे, साहेब त्यांचा. आपले काय, तर खड्डे. अन् वर व्याज!" अण्णा हसून सोडून देत.

गल्लीत एक विहीर होती. साहेब म्हणाला, या पाण्याने नारू होतो, बुजवा. अण्णांनी घरोघर फिरून सगळ्यांना पटवलं. अडून बसली ती कोपऱ्यावरची कुलसुमबी. एकटी म्हातारी, नजर गेलेली.

"दामूभाई, आधी नळ येऊ दे, मग विहीर बुजव."

"साहेबाचा शब्द आहे, बी!" अण्णा म्हणाले, आणि विहीर बुजली.

मग नळाचा खांब आला, तोटी आली, आणि नळी गल्लीच्या तोंडाशी येऊन संपली. कर्जही संपलं. नळी इथल्या कारखान्यात मिळत होती, पण ती चालणार नव्हती. विलायतीच हवी, आणि तिच्यासाठी नवं कर्ज! साहेब बोटीत बसला. बायका घागरी घेऊन गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊ लागल्या.

अण्णांनी हॅट उतरवली ती उतरवलीच. बायका गंगेवर गेल्या की तोटी घासायची. त्या परत येताना दिसल्या की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, जसे काही चुनाच तपासतायत. हसू यायचं आणि पाहवतही नसे.

एका पहाटे मी गंगेवर निघालो, तर समोरून अण्णा. खांद्यावर भरलेली घागर, धोतर ओलं. चोरी पकडल्यासारखे ओशाळले.

"कोणाला बोलू नका. बीला सांगितलंय, नळ आला म्हणून. एवढी लाज राखा माझी."

मला त्यांच्याकडे बघवेना. कर्ज देणारे सुखात, काढणारे सुखात, आणि शरम तेवढी या एका माणसाच्या वाट्याला आली होती. मी घागरीला हात दिला.

कुलसुमबीच्या मागच्या दारी रांजणात पाणी ओतताना अण्णा मोठ्याने म्हणाले, "बी, आज नळाला धार जोरात होती!"

"साहेबाचा शब्द खरा निघाला, दामूभाई."

अण्णा मान खाली घालून निघून गेले. मीही वळलो, तेवढ्यात म्हातारीने चाचपत माझा हात धरला.

"बेटा, त्याला सांग, घागर जरा कमी भरत जा. गंगा लांब हाय."