गोधडीचे प्रस्थान

श्रीगजानन प्रसन्न. कुलस्वामिनी प्रसन्न. आणि जी प्रसन्न असता घरातील बाकीची मंडळी आपोआप प्रसन्न होतात, ती चिरंजीव कमलबाई प्रसन्न असो. शके अठराशे अठ्ठावीस, पराभव नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी कसबे देवास येथे जी थोर मोहीम जाहली, तीत कोण लढले, कोण हटले आणि मुलूख कोणाचे हाती गेला, हा मजकूर जैसा घडला तैसा लिहिला असे. संवत्सराचे नाव वाचोन कोणी भय धरू नये. एकाचा पराभव झाल्यावाचून दुसऱ्याची फत्ते होत नाही.

राजश्री नीलकंठराव, वाईकडील पुरुष, वय कोवळे आणि मिशा त्याहून कोवळ्या, थोरल्या पातीच्या कचेरीत कारकुनी मिळाली म्हणोन मजल दरमजल करीत माळव्यात दाखल झाले. समागमे कबिला म्हणजे सौभाग्यवती विनोदिनीबाई, आणि त्यांचे मांडीवर खासा स्वारी कमलबाई, जिला दात अद्याप एकही नव्हता परंतु आवाज बत्तिशीचा होता. मुक्काम नीलकंठरावांच्या मावशी राजाबाई यांचे घरी, भर कसेरगल्लीत पडला. राजाबाई विधवा, एकट्या, स्वभाव किल्लेदाराचा, कमरेस तपकिरीची डबी. त्यांचे शास्त्रापुढे भल्याभल्यांनी हत्यार ठेवावे ऐसा दरारा.

आता देवासचा बंदोबस्त सांगितला पाहिजे. येथे राजे दोन, पात्या दोन, एक थोरली एक धाकटी, आणि कसेरगल्लीच्या एका अंगास एकाचा अंमल तर समोरच्या अंगास दुसऱ्याचा. राजाबाईंचे घर थोरल्या पातीत, समोरची कसेऱ्यांची म्हणजे तांबटांची दुकाने धाकट्या पातीत. उजाडले की हातोडे हंड्यांवर आणि घागरींवर पडू लागत, आणि हातोडा धाकट्या राज्यात पडला की निद्रा थोरल्या राज्यात मोडे, आणि फिर्याद कोणत्या दरबारी न्यावी हे कोणास उमगेना. मग कमलबाईसाहेब टाहो फोडीत, तेणेकरून दोन्ही राज्यांतील रयत सारखीच हैराण होई. समोरचा कसेरा एके दिवशी हातोडा थांबवून म्हणाला की, "भिया, या छोरी तो म्हारा से बी जादा ठोके हे." नीलकंठराव हसले. विनोदिनीबाईंस हसू आले नाही, कारण हसावयासही अंगात थोडी झोप मुरलेली असावी लागते.

त्या बाईचे वर्तमान ऐसे की, देवासी आल्यापासून पोर डोळ्यास डोळा लावीना, आणि पोर निजेना म्हणोन आईचा एकही प्रहर आईचा राहिला नव्हता. ऊन भात कैसा लागतो ते विसरली. मायलेकी दोघी सुकत चालल्या. पोरीस निजविण्यास एकच इलाज उरला होता, तो म्हणजे गोधडी. विनोदिनीबाईंच्या मातोश्रींनी आपल्या जुन्या लुगड्यांची शिवून, निरोपाचे वेळी गाडीत टाकलेली. तिचा एक कोपरा मुठीत आला की कमलबाई घटकाभर पापण्या मिटीत, इतकाच काय तो तह होता.

मग बिऱ्हाड कोठे करावे याची मसलत बसली. राजाबाईंनी गल्लीतच पाच घरे पलीकडे माडीवरच्या दोन खोल्या ठरविल्या होत्या. कचेरी जवळ, बाजार जवळ, वैद्य जवळ, आणि मावशी तर हाकेवर. नीलकंठराव त्या पक्षास मिळाले. विनोदिनीबाईंचे मन मात्र पुऱ्यात होते. कसब्याबाहेर, मावळतीस, शेतांच्या कडेला गवळ्यांचा पुरा, तेथे जानकीबाई गवळण राहत असे. तीच रोज सकाळी राजाबाईंकडे दूध घाली. तिची गाय पाहावयास म्हणोन विनोदिनीबाई एकवार गेल्या होत्या, आणि जानकीबाईच्या शेजारी एक रिकामे मातीचे घर, अंगणात निंब, निंबाखाली विहीर आणि भोवती काहीच नाही, ऐसे पाहून जाग्यावरच थबकल्या होत्या.

तेव्हा मसलतीत त्यांनी पदर सावरून अर्ज केला की, "पुऱ्यात कमळी निजेल."

राजाबाईंचा जाब तोफेसारखा आला. "पुऱ्यात कोल्हेसुद्धा निजतात. मराठी बोलायला माणूस नाही, हळदीकुंकवाला बाईमाणूस नाही. गोठ्यात संसार मांडायला का वाईहून आलीस?"

नीलकंठराव म्हणाले की, "अगं, कचेरीत जाता-येता माझ्या वहाणा झिजतील."

विनोदिनीबाई म्हणाल्या, "इकडच्या वहाणा झिजतील, माझे डोळे झिजलेत." परंतु हे मनात म्हणाल्या, सबब मसलतीत नोंदले गेले नाही, आणि कसब्याची सरशी झाली.

उमाशंकर व्यास म्हणोन माळवी ज्योतिषी, त्यांनी गुरुवारी सकाळी मुहूर्त दिला. परंतु त्या वेळी नीलकंठरावांस कचेरी चुकेना. तेव्हा राजाबाईंनी फर्मान सोडिले की प्रस्थान ठेवावे. म्हणजे जाणाऱ्याचे वापरातले वस्त्र, त्यात सुपारी, हळकुंड, अक्षता बांधून, मुहूर्तावर त्या दिशेच्या कोणा ओळखीच्या घरी पाठवावे. गाठोडे पोचले की माणसे निघालीच ऐसे शास्त्र धरते. पाच घरांच्या कूचास प्रस्थान कशाला, ऐसे नीलकंठराव पुटपुटले. मावशी म्हणाल्या, "शास्त्र काय तुझ्या कोसांवर चालतं रे, नीळू?"

दिशा मावळतीची. त्या अंगास एका घरी सुतक, आणि दुसऱ्याशी राजाबाईंचे पापडांवरून वाकडे, बोलणे बंद. मुहूर्त टळू लागला. इतक्यात जानकीबाई रिकामी चरवी घेऊन परत निघाली होती. दिशा तीच, थोडी लांब इतकेच, ऐसा विचार करून राजाबाईंनी हाताशी सापडले ते वस्त्र ओढले, त्यात सुपारी-हळकुंड बांधले, आणि गाठोडे गवळणीच्या डोकीवर ठेविले. बजाविले की हे देवासारखे ठेव, भुईवर ठेवू नको. तिने मान डोलाविली आणि चालती झाली.

मग दुपार चढली, कमलबाई पाळण्यात पालथी पडली, तिची मूठ इकडे फिरली, तिकडे फिरली, आणि तीत काही आले नाही. तेव्हा विनोदिनीबाईंनी जाणले की प्रस्थान म्हणोन जे गेले ती गोधडी.

त्यानंतरचा आकांत लिहिण्यास लेखणी धजत नाही. कसेऱ्यांनी हातोडे खाली ठेविले. नीलकंठराव जेवावयास आले ते उंबऱ्यातच उभे राहिले. राजाबाईंनी खुळखुळा केला, चमचा वाजविला, मांजर दाखविले, तपकिरीची डबी उघडून बंद केली. काही चालेना. विनोदिनीबाई म्हणाल्या, "मी जाऊन घेऊन येते."

तों राजाबाई आडव्या झाल्या. ठेविलेले प्रस्थान माघारी आणिले तर जाणाऱ्याचे अकल्याण होते, ऐसे त्यांच्याच सासूचे वचन. उमाशंकर व्यासांस बोलाविले. त्यांनी पोरीकडे पाहिले, कानांत बोटे घातली आणि निवाडा दिला की, गाठोडे माणसाकडे येत नसते, माणसाने गाठोड्याकडे जावे, आणि तेथून मागे फिरू नये, पुढेच चालावे. इतके सांगोन तेही संगतीस निघाले, कारण पुऱ्यात दही चांगले मिळते.

येणेप्रमाणे फौज बाहेर पडली. अघाडीस विनोदिनीबाई, कडेवर रडती खासा स्वारी, मागे नीलकंठराव पाळणा डोकीवर घेऊन उपाशी, त्यांचे मागे राजाबाई, पिछाडीस व्यास. कसबा संपला तसे हातोडे मागे राहिले. शेते लागली, हरभरा हिरवा, ऊन अंगावर घ्यावे ऐसे. पोरीच्या रडण्यात आता मधून मधून उसासा पडू लागला.

जानकीबाई दारातच होती. गोधडी कोठे विचारिता तिने शेजारच्या रिकाम्या घराकडे बोट केले. तिच्या घरात वासरू, कडबा, शेणाच्या पाट्या. देवासारखे ठेव म्हटले, मग देवाची वस्तू तेथे कैसी ठेवावी, म्हणोन तिने ते घर झाडून, सारवून, कोनाड्यात दिवा लावून गाठोडे तेथे ठेविले होते. विनोदिनीबाईंनी तिच्याकडे पाहिले. तिने निंबाकडे पाहिले. तिचे मनात आणखी काही होते की कसे, याचा पुरावा बखरकारास मिळाला नाही.

गाठ सोडिली, गोधडी ओल्या सारवणावर न टाकता निंबाखाली खाटेवर पसरिली, कोपरा मुठीत गेला. आणि कमलबाईसाहेबांनी एक दीर्घ श्वास सोडून नेत्र मिटले, ते मिटलेच.

 वारा निंबातून गेला तेवढाच आवाज. जानकीबाईने जवारीची ऊन भाकर आणि ताक आणून विनोदिनीबाईंपुढे ठेविले. बाई घासभर खाऊन थांबल्या, आणि भाकरीवर दोन टिपे पडली, ती त्यांनी पदराने नव्हे, पुढच्या घासाने टिपली. एवढा मोकळा वेळ हाती येता आपण ताणून द्यावी ऐसे त्यांनी कितीदा योजिले होते. परंतु त्या निजल्या नाहीत. पोरीच्या पापण्यांकडे पाहत बसल्या, जणू नवा मुलूख पाहत आहेत. नीलकंठराव पाळण्यास टेकून केव्हाच घोरू लागले होते.

ऊन कलू लागले. व्यासांनी दह्याचा वाडगा पुसून आठवण दिली की आता मागे फिरणे नाही. पुढे पाहावे तर हरभऱ्यावाचून काही नाही. राजाबाई पोरीस उचलावयास वाकल्या, तों जानकीबाई हळूच म्हणाली की, "मांसाब, छोरी सोई री हे, मत जगाजो." आणि राजाबाईंचा हात वरच्यावर राहिला, कारण निजले मूल उठवू नये हेही त्यांचेच शास्त्र. दोन शास्त्रांमध्ये सापडून किल्लेदारीणबाई उभ्या राहिल्या. मग मुलखाचा निकाल लावणारे वाक्य त्या बोलल्या, तेही तोफेसारखे नव्हे. म्हणाल्या, "तुम्ही इथं राहाल. मग मी एकटी तिथं काय करू ग?"

तेव्हा विनोदिनीबाईंस उमगले की पाच घरांवरच्या खोल्या मावशींनी का धरिल्या होत्या. त्यांनी ताकाचा गडू मावशींच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "खोल्या इथंही दोनच आहेत, मावशीबाई. पण एक उगवतीची आहे. तुमच्या देवांना ऊन येईल."

राजाबाई ताक प्यायल्या, मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि व्यासांस घेऊन कसब्याकडे चालत्या झाल्या. प्रस्थान त्यांचे नव्हते, सबब मागे फिरण्यास त्यांस हरकत नव्हती.

नीलकंठराव जागे झाले तों पाळणा आढ्यास बांधून झाला होता. त्यांनी वहाणांकडे पाहिले, पोरीकडे पाहिले, बायकोच्या मुखावरचे तेज पाहिले आणि तह कबूल केला. तेव्हापासून ते पहाटे कूच करितात, आणि कचेरीत कोणी विचारले तर हवा खाण्यास हिंडतो ऐसे सांगतात.

पुढे पौर्णिमा झाली आणि एके सकाळी जानकीबाई दूध घालून परत आली ती डोकीवर गाठोडे घेऊन. विनोदिनीबाईंनी सोडून पाहिले. एक जुने धुवट लुगडे, सुपारी, हळकुंड, अक्षता. आणि लुगड्याच्या पोटात तपकिरीची डबी.

विनोदिनीबाई हसल्या. देवासी आल्यापासून प्रथमच हसल्या ऐसे नीलकंठराव सांगतात. मग उठून उगवतीची खोली झाडावयास घेतली, कारण डबी पुढे धाडून राजाबाई फार वेळ मागे राहतील ऐसा संभव नव्हता. आणि तैसेच जाहले. दुपार होण्याच्या आत त्या घामाघूम, देवांचा डबा छातीशी धरून, अंगणात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी डबी दे. शास्त्र मग सांगते."

येणेप्रमाणे पुरा काबीज जाहला. कसबा कसेऱ्यांकडे राहिला. फत्ते कोणाची म्हणोन पुसाल तर लढाईत जी पहिल्याने निजली तिची. हा मजकूर ती निजली असता लिहिला, आणि आता पाळण्यात मूठ हालू लागली आहे, सबब लेखणी येथे ठेविली असे.