दोन हात आणि चार बोटं

तेजस्विनीने बांधावरच्या हद्दीच्या दगडावर तिपाई रोवली, तिच्या डोक्यावर पालथ्या वाडग्यासारखं पांढरं यंत्र बसवलं, आणि चहा घेऊन आलेली लंकाबाई चार पावलं अलीकडेच थबकली.

राजुरीच्या शिवाराचा नवा नकाशा करायचं काम चाललं होतं. तेजस्विनी मोजणीच्या कंपनीतली. पोरगी हसतमुख, विचारलं की सांगणारी. नेमकं तेच वाईट झालं.

"ह्याच्यात काय भरलंय गं?" लंकाबाईने विचारलं.

"काही नाही आजी. वरून उपग्रह जातात, त्यांचं हे ऐकत बसतं आणि दर पाच सेकंदांनी लिहून ठेवतं. असंच दुसरं यंत्र पिंपळवंडीच्या टेकडीवर आहे, तिथं आमचा सूरज बसलाय. दोन्हींत सेटिंग एकच, वेळ एकच, दोन तास. मग ऑफिसात कॉम्प्युटरवर दोघांचं लिहिलेलं जुळवलं की हा दगड नेमका कुठं आहे ते कळतं."

"नेमका म्हंजी किती?"

"बोटभर फरक लपत नाही. त्या आकड्यावरूनच पुढच्या महिन्यात इथं सिमेंटचा खांब बसणार."

लंकाबाईने पोरीसाठी आणलेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

तेजस्विनीने टेपाने दगडापासून यंत्राची उंची मोजली, आकडा भरला, बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. "आता दोन तास याला हात लावायचा नाही. कुत्रं, मेंढरू फिरकू देऊ नका. मी ओढ्याकडचे दगड शोधून येते. बसाल ना आजी?"

"बसते की," लंकाबाई म्हणाली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊन पोरगी निघून गेली.

कारण चोर लंकाबाईच होती. चाळीस वर्षांपूर्वी, भैरवनाथाच्या यात्रेला सगळा गाव कुस्त्या बघायला गेला असताना, सासूच्या सांगण्यावरून तिने पहारीने हा दगड उचकटला होता आणि पलीकडच्या बायडाबाईच्या रानात दोन हात सरकवला होता. सासू गेली, पहार गंजली, पण ते दोन हात काही लंकाबाईच्या मनातून गेले नाहीत. बायडाबाई तिच्याच वर्षी लग्न होऊन आलेली. तिच्या घरची मेंढरं, हिच्या घरची शेती, तरी दोघी ओढ्यावर एकाच खडकावर धुणं धुवायच्या. बायडा सासऱ्याची अशी नक्कल करायची की लंकाबाईच्या हातून एकदा हंडा सुटून ओढ्याने वाहत गेला होता. दगड सरकला आणि लंकाबाईने ओढ्यावर जाणं सोडलं. त्या बाईच्या तोंडाकडे बघवेना. त्याऐवजी ती दर साली टोपलंभर कांदे धाडायची, कुणातरी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती. बायडाकडून दोन-तीन वर्षांनी घोंगडं यायचं, कोकराच्या जावळाच्या मऊ लोकरीचं. माळ्यावर तेरा घोंगडी साठली होती. लंकाबाईने एकही पांघरलं नव्हतं. इतकी मऊ असून तिला टोचायची.

आता तिने हिरव्या दिव्याकडे बघून विचार केला. यंत्राला काय कळतं? ते जिथं उभं आहे तेवढंच. ते खऱ्या जागी उभं केलं तर खरं लिहील, खांब खऱ्या जागी बसेल, बायडाचं रान बायडाला मिळेल, आणि सत्तरी उलटल्यावर आपल्याला तोंड उघडून 'मी चोर' म्हणावं लागणार नाही.

तिने तिपाई कमरेत धरली आणि नव्या सुनेला उंबऱ्याच्या आत घ्यावं तशी अलगद आपल्या रानात घेतली. कोपरापासून बोटापर्यंत मोजलं, एक हात, दोन हात. दिवा लुकलुकत होता. यंत्राची काही तक्रार नव्हती.

एवढ्यात गोठ्यात वासरू हंबरलं. त्याला पाणी दाखवून ती पंधरा मिनिटांत परत आली, तर तिपाई दगडाच्या पलीकडे, चांगली दोन हात बायडाच्या रानात उभी.

लंकाबाईने देवळाच्या कळसाकडे बघून हात जोडले. "देवा, चुकलं माझं. पर आता नीट करतीया तर करू दी की." तिने तिपाई पुन्हा आपल्याकडे आणली आणि तुरीच्या ओळीआड दबा धरून बसली.

थोड्या वेळाने पलीकडच्या बाजरीतून कमरेत वाकलेली एक म्हातारी आली, इकडेतिकडे बघितलं आणि तिपाईला मिठी मारली.

"बायडे, ठेव ते खाली."

बायडाबाई दचकली नाही. ती कधीच दचकायची नाही. "तू व्हय. मी म्हनलं मशीनला पाय फुटलं का काय."

"त्याला हात लावायचा न्हाई, असं बाई सांगून गेलीया."

"मलाबी समदं सांगून गेलीया. मंग तू कशापायी लावलास?"

लंकाबाईने तिपाईचा एक पाय धरला, बायडाने दुसरा सोडला नाही. बांधावरून गावात भांडणं पुष्कळ झाली होती. पण आपली जमीन दुसरीच्या गळ्यात घालायला दोन बाया झोंबल्यात, असं पहिल्यांदाच होत होतं.

"ही जागा तुझी हाये, बायडे. म्या दगड सरकवला व्हता. यात्रेच्या दिशी. दोन हात."

बायडाबाईचे हात सैल झाले. "कंच्या साली?"

"तुझ्या धाकटीचं बारसं झालं त्या."

"त्याच साली दिवाळीला, मेंढरं घेऊन खाली कोकनात निघायच्या आदल्या दिशी, म्या सरकवला. तुझ्या रानात. कोकरांच्या जाळीला जागा पुरंना म्हनून."

"किती?"

"दोन हात."

दोघी दगडाकडे बघत राहिल्या. दगड होता तिथंच होता. बहुतेक चाळीस वर्षं तिथंच होता.

"मला वाटायचं तुला कळलंय," बायडा म्हणाली. "म्हनून लाजवायला कांदं धाडतीस. कांदा चिरताना डोळ्याला पानी आलं की म्हनायची, आली लंकी."

"आन मी म्हनायची, घोंगडं धाडून टोचतीया."

हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. बायडाचा नवरा गेला तेव्हा लंकाबाई दारातूनच परत आली होती. थोरलीच्या लग्नाला नुसतं लुगडं धाडलं होतं. ती थोरली आता आजी झाली होती. ओढ्यावरचा तो खडकही राहिला नव्हता. पूल बांधताना फोडला.

तेजस्विनी आली तेव्हा दोघी तिपाईच्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि दगड तिसरीकडेच होता.

"आजी, हे इथं कसं आलं?"

"वारं लई सुटलं व्हतं," दोघी एकदम म्हणाल्या. तुरीचं पान हलत नव्हतं.

पोरीने कपाळाला हात लावला, सूरजला फोन करून आणखी दोन तास बसायला सांगितलं आणि तिपाई पुन्हा दगडावर लावली. या वेळी ती स्वतः राखण करत बसली. यंत्राची नव्हे, म्हाताऱ्यांची.

आठ दिवसांनी ती निकाल घेऊन आली. "पहिल्या फायलीत दगड दोन तासांत तीनदा बांध ओलांडतो. सूरज म्हणतो, उपग्रहच बिघडला असेल. दुसरी फाईल चांगली आहे. दगड बरोबर जागी आहे. जुन्या नकाशापेक्षा फक्त चार बोटं बायडाआजींच्या रानात सरकलाय. तो नकाशा साखळीने मोजलेला, त्यात एवढ्याला आम्ही फरक म्हणतच नाही."

बायडाबाईने आपला हात लंकाबाईच्या हाताला लावला, कोपराशी कोपर. बायडाचा हात दोन बोटांनी आखूड होता.

"दोन हाताला चार बोटं," ती म्हणाली. "अजून चोरच हायेस तू."

"बाई, खांब चार बोटं हिकडं घ्या," लंकाबाई म्हणाली.

"काय नको. ऱ्हाऊ दी. चार बोटांचं कांदं येत ऱ्हात्याल."

त्या साली कांदे लंकाबाईने स्वतः न्यायचं ठरवलं. टोपलं आता उचलत नव्हतं, म्हणून चारच कांदे ओच्यात घेतले. बायडाचं घर बांधापलीकडे दोनशे पावलांवर. पूर्वी हे अंतर ती भाकरी तव्यावर ठेवून पळत जाऊन यायची. आज वाटेत दोनदा टेकावं लागलं.

बायडाबाई ओसरीवर वाटच बघत होती.

"बायडे, लई आधी याया पायजे व्हतं गं."

"व्हय, पायजे व्हतं," बायडा म्हणाली आणि शेजारी घोंगडं अंथरलं. "आता बस हितं. दोन तास हलायचं न्हाई."