चंदनी हाराखालील वळणाची बखर

श्री. जो उजेड सकळांस वाट दाखवितो आणि स्वतः कोणाच्या मुठींत येत नाहीं, त्यास आधीं दंडवत. मग हरकती काढणारे, हरकती वाचणारे आणि हरकतींस रात्रंदिवस उत्तरें लिहिणारे यांस यथायोग्य रामराम. शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, सोमवारीं, एका राज्यांत सनदकचेरीपुढें मंदाकिनीबाई सोनटक्के यांच्या लेसरची सुनावणी जाहली. ते समयीं काय घडलें, त्याची हकीकत जैसी कानीं आली तैसी लिहिली असे. राज्याचें नांव पुसूं नये, पुसल्यास सांगणार नाहीं.

त्या राज्याचा कायदा ऐसा जे, जो कोणी नवें यंत्र शोधील त्यानें सनदकचेरीस अर्ज करावा, आणि कचेरीनें अवघी दुनिया धुंडाळून पाहावी, आणि यंत्र खरेंच नवें निघालें तर वीस वर्षांची सनद करून द्यावी, जेणेंकरून तितका काळ दुसऱ्या कोणीं परवानगीवांचून तें बनवूं नये. लोक या सनदेस पेटंट म्हणतात. परंतु अर्जापूर्वीं तें यंत्र चारचौघांनीं पाहिलें असेल, मग तें खुद्द शोधणारानेंच हौसेनें कां दाखविलें असेना, तर नवेपण गेलें आणि सनदही गेली. कायदा कडक खरा, परंतु सर्वांस सारखाच कडक, म्हणोन कोणी फारसें कुरकुरत नसे.

मंदाकिनीबाई तेथील एका विद्यालयांत प्राध्यापक. बाई स्वभावें तापट, अंतःकरणें निर्मळ. राग आला म्हणजे भांडत नसत, बोलणेंच बंद करीत आणि कँटीनमध्यें जाऊन चहावर चहा घेत बसत. त्यांनीं जें आरंभिलें तें ऐसें. नखाएवढी अर्धवाहक चकती घ्यावी, तीवर एके बाजूस लेसरचा उगम करावा आणि दुसरे बाजूस त्या उजेडानें जावें अशा बारीक वाटा कराव्या. आजवर लोक उगम वेगळा करीत आणि वाटा वेगळ्या करीत आणि मग दोन्ही तुकडे एकमेकांस चिकटवीत. बाईंनीं दोन्ही एकाच चकतींत एकजीव केलीं. परंतु उजेड मोठा खोडसाळ. वाटेच्या तोंडाशीं आला कीं त्यांतला थोडा भाग माघारी फिरे आणि उगमास जाऊन धडके आणि सगळा लेसर थरथरूं लागे. मग बाईंनीं उगम आणि वाट यांचे मधोमध एक वळण काढिलें, पुढें पुढें निमुळतें होत जाणारें, ऐसें कीं उजेड एकदां आंत शिरला म्हणजे मागें वळून पाहात नसे. सांगावयास दोन ओळी लागल्या, करावयास अकरा वर्षें लागलीं. त्या अकरा वर्षांत बाईंचे केंस पिकले, चष्म्याचा नंबर दोनदां वाढला, आणि नातलगांच्या लग्नांस त्या गेल्या त्या फक्त अक्षतांपुरत्या. शके १९४४ शुभकृत संवत्सरीं चैत्रमासीं त्यांनीं सनदेस अर्ज केला.

कचेरींत अर्ज तपासावयास बसले यशवंतराव हेंद्रे नामें परीक्षक. माणूस दुष्ट नव्हे, काटेकोर. तांदूळ निवडणारी बाई जैसी खडा दिसेपर्यंत ताट सोडीत नाहीं, तैसे हे अर्ज सोडीत नसत. त्यांनीं अडीच वर्षांनीं हरकतपत्र धाडिलें, त्यांत दोन हरकती. पहिली हरकत ही जे, ऐसा लेसर परदेशीं पूर्वींच जाहला आहे. ती बाईंचे वकील रफीकभाई मुजावर यांनीं हातोहात उडविली. कारण परदेशच्या यंत्रांत दोन तुकडे डिंकानें जोडिले होते आणि बाईंचें एकच अंग होतें, आणि चिकटविलेल्यास एकजीव कोण म्हणेल? परंतु दुसरी हरकत वाचून बाईंच्या पायांखालची वाळू सरकली. यशवंतरावांनीं खुद्द बाईंच्याच विद्यालयाचा वार्षिक अंक शोधून काढिला होता. त्यांत पान एकेचाळीसवर बोटभर छायाचित्र, आणि खालीं ओळ, ‘प्रदर्शनात प्रा. सोनटक्के यांनी मांडलेली एकात्मिक लेसरची रचना.’ प्रदर्शन माघमासीं जाहलें आणि अर्ज चैत्रांत. म्हणजे बाईंनीं आपली रचना आपणच दोन महिने आधीं जगास दाखविली, सबब ती नवी नव्हे.

रफीकभाईंनीं फोन केला. ते म्हणाले, “बाई, खरं सांगा. हे चित्र लावलं होतं?”

“लावलं होतं. फ्रेम करून.”

“आणि त्यात ते वळण होतं?”

“होतं. मीच काढलं होतं ना चित्र.”

मग रफीकभाईंनीं कायद्याचें पुस्तक उघडिलें, तेंच कलम पुन्हां वाचिलें आणि मिटलें. शेवटीं म्हणाले, “मग अवघड आहे हो.” बाईंनीं फोन ठेविला आणि हात पाहिले, आणि याच हातांनीं आपण खिळा ठोकिला हें मनांत येऊन त्यांस रडूं कोसळलें. दुसऱ्यानें घात केला असता तर त्याच्यावर तरी रागावतां आलें असतें. आतां रागवावें कोणावर आणि चहा प्यावा तो किती?

दुसरे दिवशीं दुपारीं बाई विद्यालयाच्या जुन्या सभागृहांत गेल्या, मनांत ऐसें कीं ती फ्रेम एकदां डोळ्यांनीं पाहावी आणि काढून अडगळींत टाकावी. प्रदर्शनाच्या दिवसापासून ती तेथेंच पश्चिमेच्या खिडकीसमोर भिंतीस लटकत होती आणि बाईंनीं तीन वर्षें तिकडे पाऊल घातलें नव्हतें. तेथें गोविंदमामा नाईकवडे शिपाई खुर्च्या पुसत होते. मामांची नोकरी संपत आलेली, डोईवर टोपी, खांद्यावर फडकें. त्यांनीं बाईंस पाहून हात थांबविला आणि म्हणाले, “या बाई. लई दिसांनी इकडं. राग गेला म्हणायचा का माझ्यावरचा?”

“कसला राग, मामा?”

“आता गं बया! हाराचा की हो. तीन दिस बोलला नव्हता माझ्याशी.”

तेव्हां बाईंनीं मान वर केली आणि पाहिलें, आणि पाहातच राहिल्या. फ्रेमीवर चंदनाच्या कागदपातळ कातरांचा भलाथोर हार, चांगला दुहेरी वेढा घातलेला, मधोमध जाडजूड गोंडा, आणि त्यावर तीन वर्षांची धूळ. आणि मग सगळें आठवलें. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशीं टेबलावर दीपप्रज्वलनासाठीं सरस्वतीची फ्रेम ठेविली होती आणि शेजारीं भिंतीवर बाईंची फ्रेम. प्राचार्यांनीं घाईघाईंत मामांस सांगितलें कीं टेबलापाशींच्या फ्रेमींस हार घाला. फुलांचा हार आला होता एकच, तो सरस्वतीस गेला. मग आज्ञा तर मोडवत नाहीं, म्हणोन मामांनीं कपाटांतून संस्थापकांच्या थोरल्या तसबिरीचा जुना चंदनी हार काढिला, तो या लहान फ्रेमीस लांब पडला, तेव्हां दुहेरी केला आणि घातला. पाहुणे आले आणि त्यांनीं सरस्वतीस हात जोडिले आणि लेसरासही जोडिले. दोघेचौघे तर चपला काढून पुढें आले, आणि एका बाईंनीं हळूच विचारिलें म्हणे, की हे कोण वारले? चंदनी हार घालतात तो दिवंगताच्या तसबिरीस, हें त्या राज्यांतल्या पोरासोरांसही ठाऊक. मंदाकिनीबाईंचा संताप असा जे, “माझी रचना अजून जन्माला आली नाही, तोवर तिला मेलेल्याचा हार!” त्यांनीं हार काढावयास सांगितलें. प्राचार्य म्हणाले, “असू द्या हो. घातलेला हार काढायचा म्हणजे बरं दिसतं का चारचौघांत?” मग बाई रुसल्या आणि तीन दिवस कँटीनमध्यें बसल्या, आणि चित्रापाशीं उभें राहून कोणास एक अक्षर सांगितलें नाहीं.

आणि गोंडा लोंबत होता तो नेमका वळणावर. बाईंनीं तेथेंच रफीकभाईंस फोन लाविला आणि ओरडल्या, “हार आहे! रफीकभाई, फ्रेमला हार आहे!”

“अरे देवा. कोण गेलं, बाई?”

“कोणी नाही हो गेलं! तेच तर सांगते आहे!”

मग सोमवारीं दरबार भरला. आतां त्या राज्यांत दरबार भरे तो पडद्यावर. एका चौकटींत यशवंतराव हेंद्रे, एका चौकटींत रफीकभाई, आणि एका चौकटींत सभागृहाची भिंत, तीपुढें बाई आणि मामा. प्रथम अर्धी घटका “आवाज येतो का, आवाज येतो का” ऐसा घोष जाहला, मग काम चाललें. रफीकभाईंनीं वार्षिक अंकाचें छायाचित्र थोर करून दाखविलें आणि म्हणाले, “साहेब, डावीकडं उगम दिसतो, उजवीकडं वाटा दिसतात. ह्या दोन्ही गोष्टी सगळ्यांना आधीपासून माहीत आहेत, त्यावर आमचा दावाच नाही. दावा आहे मधल्या वळणावर. ते दाखवा.”

यशवंतरावांनीं चष्मा वर केला, खालीं केला. “इथं हार आहे.”

“तेच म्हणतो मी.”

“फोटोपुरता घातला असेल. मग काढला असेल. आणि नसेल काढला, तरी कुणी उचलून पाहिलं नसेल कशावरून? शिवाय बाईंनी तोंडी सांगितलं असेल, त्याचं काय?”

प्रश्न रास्त होते. बाईंनीं खरें तें सांगितलें. “तोंडी सांगितलं नाही, साहेब. मी रागावले होते. तीन दिवस चित्राकडे फिरकलेच नाही.”

“तीन दिवस? हारावरून?”

“मेलेल्याचा हार होता, साहेब.”

तेव्हां मामांनीं टोपी सारखी केली आणि विचारल्याविणाच पुढें जाहले. म्हणाले, “सायेब, तुमच्या मागं भिंतीवर फोटो हाय, त्याला हार हाय. तुमी कचेरीत कधीपास्नं हाय?”

“एकोणीस वर्षं.”

“मग एकोणीस वर्षांत तो हार उचलून मागं काय हाय ते कधी बघितलंत का?”

यशवंतरावांनीं मान वळवून भिंतीकडे पाहिलें आणि बराच वेळ पाहिलें. मग वळले ते ओठ दाबून, कारण परीक्षकानें सुनावणींत हंसूं नये ऐसा दंडक. म्हणाले, “मुद्दा कळला. पण मला काहीतरी डोळ्यांना दिसेल असं हवं. आता काढा तो हार.”

मामा मागें सरले, म्हणाले, “माझा हात न्हाई धजायचा. बाई, तुमीच काढा.” बाईंनीं दोन्ही हात वर केले आणि हार अलगद उतरविला, आणि धूळ उडून त्यांस ठसका लागला. तीन वर्षें पश्चिमेच्या खिडकींतून उन्ह त्या कागदावर पडत आलें होतें आणि कागद चहाच्या रंगाचा जाहला होता. परंतु जेथें हार होता तेथें कागद पांढरा शुभ्र, दुहेरी वेढा दुहेरी उमटलेला, आणि गोंड्याच्या जागीं गोंड्याएवढाच पांढरा ठसा, कडा जराही न फिसकटलेल्या. हार कोणीं उचलून इकडचा तिकडे ठेविला असता तर ठसा सरकला असता. तो सरकला नव्हता. आणि त्या पांढऱ्या जागेच्या मधोमध बाईंचें वळण, काळ्या शाईचें, काल काढिल्यासारखें ठसठशीत. अकरा वर्षें ज्या उजेडास बाई वळण लावीत होत्या, त्यानेंच येऊन साक्ष दिली. बाईंच्या डोळ्यांस धारा लागल्या आणि त्यांनीं त्या पुसल्याही नाहींत.

यशवंतराव कांहीं लिहीत राहिले. मग म्हणाले, “मामांचं प्रतिज्ञापत्र आणि ह्या कागदाचे फोटो पंधरा दिवसांत पाठवा. लेखी निकाल येईल.” आणि चौकट बंद होतां होतां हळूच बोलले, “बाई, पुढच्या वेळी मात्र आधी अर्ज, मग प्रदर्शन. प्रत्येक वेळी मामा असतीलच असं नाही.”

निकाल माघमासीं आला, सनद मंजूर. बाईंचा जीव भांड्यांत पडला. त्यांनीं निकाल तीनदां वाचिला, एकदां चष्मा लावून आणि दोनदां न लावतां, आणि मग प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांस पेढे दिले. रफीकभाईंनीं फोनवर “अभिनंदन” म्हटलें आणि पुढें म्हणाले, “बाई, चाळीस खटले लढवले, पण रुसवा पुराव्यात दाखल केला तो पहिल्यांदाच.” मग सनद छापून फ्रेम केली आणि सभागृहांत जुन्या फ्रेमीशेजारीं तोच पश्चिमेचा उजेड अंगावर घेत लाविली. तेव्हां गोविंदमामा कपाटाकडे गेले, आणि परतले ते दोन्ही हातांत तोच चंदनी हार, झटकून पुसून लख्ख केलेला. बाई धांवल्या आणि मधें उभ्या राहिल्या. “मामा, नको! जिवंत आहे हो ती!”

मामा जागीं थबकले, हाराकडे पाहिलें, सनदेकडे पाहिलें, आणि पुरते ओशाळले. म्हणाले, “मग कसला आणू, बाई?”

बाई म्हणाल्या, “फुलांचा आणा. उद्या सुकेल असा.”

मामांनीं शेवंतीचा आणिला. बाईंनीं तो घेतला आणि मामांच्याच गळ्यांत घातला, आणि मामा टोपी काढून तेथेंच मटकन खुर्चीवर बसले.

इतकी हकीकत. एक आज्ञा चुकीची पाळली गेली, एक राग तीन दिवस टिकला, आणि अकरा वर्षांचें वळण वांचलें. चंदनी हार संस्थापकांच्या तसबिरीस परत गेला, तेथें सुखरूप आहे. लिहिणारानें पेढा खाल्ला असे. पूर्ण.