झेंड्याच्या घरची सवारी

“तीनशे वर्षांच्या जोखडाचा आज शेवटचा दिवस!” तोर्किल मॅकास्किल स्वयंपाकघरात उभा राहून गरजला.

“मग शेवटच्या दिवशी तरी शर्टाची बटणं नीट लाव,” त्याची बायको इशबेल म्हणाली. “एक खाली सरकलंय.”

तसं पाहिलं तर आज फक्त एडिनबराच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेची निवडणूक होती. पण मागच्या खेपेला, लंडनपासून वेगळं व्हा म्हणणाऱ्या स्वातंत्र्यवाल्यांचा उमेदवार सात मतांनी पडला होता, आणि ती सात मतं आपल्याच बेटावर सांडली, असा तोर्किलचा ठाम समज होता. तेव्हापासून पाच वर्षं त्याला जेवण गोड लागलं नव्हतं. इशबेलच्या मते तो जेवत व्यवस्थित होता, फक्त घास तोंडात असताना बोलत होता. या वेळी मात्र आपल्या म्हाताऱ्या मतदारांना गाडीतून गावच्या हॉलवर पोचवायचं काम त्यानं अंगावर घेतलं. मत कुणाला, हे बेटावर कुणी कुणाला विचारत नाही. त्यापेक्षा बाईमाणसाला वय विचारलेलं चालतं. म्हणून तोर्किलनं सोपी खूण ठरवली. खिडकीत स्कॉटलंडचा निळा-पांढरा झेंडा, ते घर आपलं.

पहिला झेंडा दिसला एफीबाईंकडे. बाईंनी तोर्किलला शाळेत पाढे शिकवले होते. त्या आणि त्यांची धाकटी बहीण डॉलिना, वय एकोणऐंशी, दारात तयारच होत्या.

“चल लवकर,” बाई गाडीत बसत म्हणाल्या. “चारला संपतं.”

“मतदान रात्री दहापर्यंत आहे, बाई.”

“मतदान असेल.”

मैलभर गेल्यावर तोर्किलला राहवेना. “बाई, तुमच्या खिडकीतला झेंडा बघून ऊर भरून आला.”

“तो होय? अरे, उन्हानं सोफ्याचा रंग उडतो. गेल्या साली तीन दिवस ऊन पडलं होतं.”

“आणि मत?” न विचारायचं ते त्यानं विचारलं.

“लंडनशी काडीमोड आमच्या वडिलांनी मागितला नाही,” डॉलिना म्हणाली. “आम्ही कशाला मागू?”

तोर्किलचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. पण भर पावसात, माळावर, पाढे शिकवणाऱ्या बाईंना उतरवणार कसं? “इंजिन तापलंय,” तो पुटपुटला. “तास-दोन तास थांबावं लागेल.”

डॉलिना खाली उतरली, बॉनेट उघडून आत हात घातला आणि परत येऊन बसली. “चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय मी. थंडगार आहे. हाक.”

पुढच्या वळणावर बाईंनी पुन्हा गाडी थांबवली. “त्या मुरीना आणि पेगी चालत निघाल्यात बघ. घे त्यांना. आपल्याच आहेत.”

आपल्याच म्हणजे कुणाच्या, हे आता विचारायची गरज नव्हती. गाडी भरली. आणि लगेच बसथांब्याखाली दिसले हेक्टर, त्याची बायको आणि मेहुणी. तोर्किलची हक्काची तीन मतं! तिघं जोरजोरात हात हलवत होती. तोर्किलनंही कसनुसा हात हलवला आणि गाडी पुढे काढली.

“बरीच ओळख आहे रे तुझी,” बाई कौतुकानं म्हणाल्या.

हॉलपाशी चौघीजणी उतरल्या आणि दार सोडून आवारातल्या एका व्हॅनकडे लगबगीनं निघाल्या.

“बाई, मतदान इकडे!”

“मत पंधरा दिवसांपूर्वीच पोस्टानं गेलं. आज गुरुवार ना? चारपर्यंत मासळीची गाडी असते, ताजा हॅडक मिळतो.”

तोर्किलनं कपाळाला हात लावला आणि हेक्टरला आणायला उलटा पळाला. तेवढ्यात लंडनबरोबरच राहू म्हणणाऱ्या युनियनवाल्यांच्या इनीअसची गाडी आवारात शिरली. तिच्यातून हसत उतरले हेक्टर, बायको आणि मेहुणी. इनीअस मात्र पडलेल्या चेहऱ्यानं उतरला.

“वाटभर मला स्वातंत्र्य शिकवत होते रे.”

“मग उतरवायचंस.”

“पावसात?”

हेक्टरची मंडळी मतदानाला आत गेली. तीन मतं वाचली! तोर्किलची छाती फुगली. हॉलच्या पायरीवर चढून त्यानं मासळीच्या रांगेकडे बघत हात उंचावला. “बंधुभगिनींनो, या घटकेला आपलं राष्ट्र—”

“तोर्किल,” पायरीशी येऊन एफीबाई म्हणाल्या, “राष्ट्र राहू दे जरा. ही पिशवी धर, हॅडकचं पाणी गळतंय.”