नानांच्या घाऱ्या पणजी

दत्तूनाना दर आठ दिवसांनी आपल्या पणजींची बदली करतात. बैठकीतून माजघरात, माजघरातून जिन्याजवळ. पणजी म्हणजे एक भलंमोठं तैलचित्र, आणि शिडी धरायला शेजारीण म्हणून मी.

"सूनबाई, जरा आइए! यांचं इथे मन लगत नाही."

"चित्राचं?"

"यांचं," नाना ठासून सांगतात आणि दातांत खिळे धरून वर चढतात.

उत्तरेकडच्या या हिंदी मुलखात, लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. नानांचं सात पिढ्यांचं, आणि नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी आलेलं आमचं, दोन वर्षांचं. नाना कचेरीतून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, एका जागी दहा मिनिटं न बसणारे. चहासुद्धा फेऱ्या मारत पितात. बघूनच मला घेरी येते.

चित्रातली बाई गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची, गळ्याभोवती पांढरी चुणीदार झालर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "नाना, या तर मडम दिसतात."

"मडम? घारे डोळे कोकणस्थांना नसतात काय?"

"आणि ही झालर?"

"कफाची प्रकृती होती त्यांची."

मोकळं कपाळ बघवेना म्हणून नानांच्या आजीने चित्राला कुंकूही लावून ठेवलं होतं. पणजींची तिथी कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सर्वपित्रीला त्यांच्या नावाने सवाष्ण जेवायची. गेल्या वर्षी मीच जेवले.

यंदा पितृपक्षात कुठल्याशा संग्रहालयाचे साहेब आले. तासभर भिंगातून पाहून म्हणाले, "सत्रहवीं सदी की है. यूरोप की कोई महिला. न इनका नाम मालूम, न चित्रकार का. हमें दे दीजिए, सँभालकर रखेंगे. माथे का टीका भी साफ हो जाएगा." उत्तर अमावास्येपर्यंत हवं होतं.

त्या आठवड्यात चित्र रोज हललं. एकदा तर सकाळी टांगलं आणि दुपारी उतरवलं. शेवटी मी चिडले.

"देऊन टाका आता, नाना! नात्याच्या नाहीत त्या. उगाच शिडीवरून पडाल."

नानांनी शिडी उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवली. मला फार वाईट वाटलं.

सर्वपित्रीला सकाळीच त्यांची दारावर थाप. "सूनबाई, बारा वाजता जेवायला या."

गेले. चित्र माजघरात, समोर पान वाढलेलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी.

"पण नाना, या पणजी नाहीत ना तुमच्या?"

"नाहीत." नाना चक्क खाली बसले. "साहेबांना नाही म्हणून कळवलं. खऱ्या पणजीला गोतातलं कुणी ना कुणी वाढेल. हिचं तर नावही कुणाला माहीत नाही. तिथे काचेत ठेवतील, पण पान कोण वाढणार?" त्यांनी खिरीची वाटी उगाच सरळ केली. "मागे कुणी नसलं की कसं वाटतं, ते मला कळतं, सूनबाई."

मला रडू आवरेना. पाटावर बसता बसता बोलून गेले, "तुमच्या नावाचं पान मी वाढीन, नाना."

नानांनी माझ्या पानात आणखी एक वडा वाढला. मग म्हणाले, "वड्यांत मीठ बेताने घाला."