बैठकीची खोली (मुख्य)

लेकीला मुलगी झाली आणि ती आईला फोनवर म्हणाली, "तीन-चार महिने माझ्याकडे ये ना गं." इथवर सगळं सरळ होतं. बिनसलं ते हेडक्लार्कांच्या उत्तरामुळे. "जा की, खुशाल जा," असं ते पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

हेडक्लार्क म्हणजे काकूंचे यजमान. नोकरीतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण बिल्डिंगमध्ये त्यांना अजून सगळे हेडक्लार्कच म्हणत. (घरात काकू त्यांना फक्त "अहो" म्हणत; पण त्या "अहो"चे सूर इतके होते की वेगळ्या नावाची गरज कधी पडली नाही.)

काकूंना जायचं तर होतंच. नातीला मांडीवर घ्यायला त्या अगदी आसुसल्या होत्या. पण एवढ्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने बायकोला, एखादा अर्ज पुढच्या टेबलाकडे सरकवावा तसं, सरकवून द्यावं? निदान "किती दिवस?" एवढं तरी विचारायचं. एकदा तरी म्हणायचं की, अगं, माझं कसं होणार. त्यांनी म्हटलं असतं म्हणून काकू थांबल्या असत्या असं नाही. पण म्हणायला काय जातं! काकूंनी बॅग काढली, पलंगावर उघडून ठेवली, आणि त्यांच्याने तिच्यात काही भरवेना. लेक विचारायची, तिकीट कधीचं काढू? काकू म्हणायच्या, सांगते.

अशातच एके दिवशी हेडक्लार्क बाहेरून एक खोकं घेऊन आले. आत साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी होती.

"ही टीव्हीला जोडायची," ते म्हणाले. "मग फोनमधलं सगळं टीव्हीवर. बिनतारी! तुला रोज नात दिसेल, एवढी मोठी."

"मी नातीजवळच असणार आहे ना?" काकू म्हणाल्या.

हेडक्लार्क जरा गडबडले. "हां, तेही खरंच. पण सोय असलेली बरी."

आता 'सोय' म्हणजे कुणाची, हे काकूंना वेगळं सांगायला नको होतं. बायको गेली की पाय पसरून मोठ्या पडद्यावर मॅच बघायची सोय! त्यांनी तोंड फिरवलं आणि बॅगेत एक शाल आपटली.

बिनतारी डबीच्या खोक्यातून आधी निघाल्या त्या तारा. एक जाड, एक बारीक, आणि एक कशासाठी ते कुणालाच कळलं नाही. टीव्ही भिंतीला इतका घट्ट बसवलेला होता की त्याच्यामागे हात जाईना. गेला तर परत येईना. माहितीपत्रक मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होतं, म्हणून हेडक्लार्कांनी काकूंचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. मग डबीने टीव्हीवर विचारलं, या उपकरणाला काय नाव देऊ? इतर कुणी दोन अक्षरं लिहून मोकळा झाला असता. हेडक्लार्कांनी विचार करून लिहिलं, 'बैठकीची खोली (मुख्य)'. घरात दुसरी बैठकीची खोली नव्हती. पण नोंद कशी नि:संदिग्ध हवी.

डबी चालू होण्याआधीच त्यांनी आमंत्रणं करून टाकली. दुपारी चहाला काकूंची थोरली बहीण आली, जिला घरात सगळेच ताई म्हणत; आणि खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या. बाईंची शाळा सुटून जमाना झाला होता, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. तिघी सोफ्यावर बसल्या आणि हेडक्लार्क टीव्हीशेजारी फोन घेऊन उभे राहिले.

लेकीने नातीचा व्हिडिओ पाठवला होता. तो टीव्हीवर जाईना. हे दाबून झालं, ते दाबून झालं. शेवटी त्यांनी असं काहीतरी दाबलं की फोनचा अख्खा पडदाच जसाच्या तसा टीव्हीवर उमटला. मध्यभागी नातीचं धूसर कपाळ आणि त्यावर गरगर फिरणारं एक चक्र.

"छान आहे हो," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "पण फार फिरते."

"सिग्नलचा प्रॉब्लेम आहे," हेडक्लार्कांनी निदान केलं. "राउटर बेडरूममध्ये आहे. मी तिथे जवळ जाऊन व्हिडिओ पूर्ण उतरवून आणतो. तोवर तुम्ही चहा घ्या."

"अहो, मग इकडे टीव्हीवर—" काकूंनी सुरुवात केली.

"अगं, भिंतीपलीकडे हे चालत नसतं. आपली बिनतारी बेल आठव."

बेल सगळ्यांना आठवली. दाराची ती बिनतारी बेल हॉलमध्ये खणखणीत वाजायची. तीच बेडरूममध्ये टांगली की मुकी व्हायची. त्यावरून हेडक्लार्कांनी एक कायमचा नियम बांधला होता की बिनतारी गोष्ट भिंतीपुढे हात टेकते. (राउटर बेडरूममध्ये आणि इंटरनेट हॉलमध्ये, ते काय खिडकीतून वळसा घालून येत होतं, हा प्रश्न त्यांना पडला नाही.) ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. काकूंचा चष्माही त्यांच्या नाकावरून आत गेला.

टीव्हीवर चक्र फिरत राहिलं. मग वरून एक निरोप घरंगळत आला.

"काय आलंय?" काकूंनी डोळे बारीक केले.

बाईंनी खाकरून घसा मोकळा केला. "'बाबा, आईच्या तिकिटाचं काय करू? ती नीट सांगतच नाहीये. तुमची काही अडचण आहे का?' प्रश्नचिन्ह."

तिघींनी बंद दाराकडे पाहिलं. मग टीव्हीकडे. तिथे एकेक अक्षर उमटायला लागलं होतं. हेडक्लार्क एका बोटाने टाइप करत, त्यामुळे बाईंना वाचायला भरपूर उसंत होती.

"'प्रस्तुत प्रकरणी कळविण्यात येते की, तुझ्या आईच्या प्रस्थानास या बाजूने कोणतीही हरकत—'" बाई थांबल्या. "खोडलं."

"पोटच्या पोरीला असं लिहितात?" ताई म्हणाल्या.

"पुन्हा लिहितायत. 'तुझ्या आईचे गुडघे फार दुखतात. एवढा प्रवास तिला झेपणार नाही.'"

"माझे गुडघे?" काकू उसळल्या. "गुडघे यांचे दुखतात! रोज तेल मी लावते!"

"खोडलं. 'पुढच्या महिन्यात घरात सुतारकाम काढायचे आहे. त्यावेळी आईने हजर राहणे—'"

"कसलं सुतारकाम?"

"तेही खोडलं."

ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकूंना मात्र हसू येईना. माणूस नेमकं काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं. आणि थोडंथोडं कळायला लागलं होतं, ते खरं आहे की काय याची धास्ती वाटत होती.

टीव्हीवरचा निरोप बाजूला झाला आणि शोधायची पट्टी आली. बाई वाचू लागल्या. "'अंडे किती वेळ उकडावे.'"

ताई आता उघड हसल्या.

"'अंडे उकडले हे बाहेरून कसे ओळखावे.'" बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "'एकट्या माणसाने'..." आणि त्या गप्प झाल्या.

"काय एकट्या माणसाने?" काकू म्हणाल्या. "वाचा ना."

"'एकट्या माणसाने दिवस कसा घालवावा,'" बाई म्हणाल्या. या वेळी आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला नाही.

ताईंनी रिमोट उचलला. "बंद करते मी. त्यांचं खासगी आहे ते."

"राहू दे," काकू म्हणाल्या.

पुन्हा लेकीचा निरोप पुढे आला. त्याच्याखाली बराच वेळ काहीच उमटलं नाही. मग सावकाश अक्षरं यायला लागली. काकू सोफ्यावरून उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या आणि स्वतःच वाचू लागल्या. एवढी मोठी अक्षरं, हाताच्या अंतरावरून त्यांना बिनचष्म्याची दिसत होती.

'मागे ती ताईंकडे राहायला गेली होती तेव्हा संध्याकाळी दिवा लावायचेही माझ्या लक्षात राहत नसे. अंधारातच बसून असे. ती घरात नसली की मला काही सुचत नाही गं.'

त्या वेळी परत आल्यावर काकूंनी विचारलं होतं, कसं काय गेलं? तेव्हा हेच गृहस्थ म्हणाले होते, "काही नाही, उलट घर जरा शांत होतं." त्यावरून काकू आठवडाभर फुगून बसल्या होत्या. आणि आता टीव्हीच्या काचेपुढे उभ्या राहून त्यांना रडू कोसळलं. अंधारात बसलेला तो माणूस त्यांना दिसला. सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात, हात मांडीवर ठेवून. हे तेव्हाच तोंडाने सांगायला काय झालं होतं याला?

आणि मग ती अक्षरं शेवटाकडून एकेक करून पुसली जायला लागली. 'गं' गेलं, 'नाही' गेलं, 'सुचत' गेलं. काकूंनी नकळत हात पुढे करून काचेवर ठेवला, जसं काही धरून ठेवता येणार होतं. सगळं पुसलं गेलं आणि त्या जागी झरझर उमटलं: 'आईला जरूर ने. इकडची काळजी नको. मला काहीच अडचण नाही.' आणि तो निरोप गेलासुद्धा.

बाई उगाचच आपल्या चष्म्याच्या काचा पुसत बसल्या.

दार उघडलं. हेडक्लार्क बाहेर आले ते पराभूत चेहऱ्यानेच. "नाही उतरत. कंपनीच भिकार दिसते. इकडे काही आलं का?"

बाईंनी तोंड उघडलं. ताईंनी त्यांना कोपर मारलं.

"चक्र," ताई म्हणाल्या. "नुसतं चक्र फिरत होतं."

"म्हटलं नव्हतं? भिंत!" हेडक्लार्कांना तेवढ्यानेही बरं वाटलं. मग त्यांचं काकूंकडे लक्ष गेलं. "अगं, तू टीव्हीला चिकटून काय उभी? आणि डोळ्यांना काय झालं?"

काकू वळल्या. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. त्या दिव्याबद्दलही बोलायचं होतं आणि त्या अंड्याबद्दलही. पण आपल्याला सगळं कळलंय असं याला सांगितलं, तर हा माणूस लाजेने जन्मात पुन्हा एक अक्षर लिहायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"अहो," त्या म्हणाल्या. आणि हा सूर हेडक्लार्कांनी फार दिवसांत ऐकला नव्हता. "लेकीला सांगा, दोघांची तिकिटं काढ."

"माझं कशाला? मला इथे काही अडचण नाही."

"मला आहे," काकू म्हणाल्या. "तुमच्याशिवाय मला तिकडे करमायचं नाही. तुम्ही येणार नसाल तर मीही नाही जात."

हेडक्लार्कांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "आता तू एवढं म्हणतेयस तर... बघतो. विचार करावा लागेल." ते इतक्या घाईने वळले की दाराच्या चौकटीवर आदळले. "आत जाऊन कळवतो तिला. तिथे सिग्नल बरा आहे."

दार पुन्हा लागलं. काकू येऊन सोफ्यावर ताई आणि बाईंच्या मध्ये बसल्या आणि पदराने नाक पुसत टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वाचा, बाई."

बाईंनी घसा साफ केला.

"'तुझी आई अजिबात ऐकायला तयार नाही. माझ्याशिवाय तिचे एक दिवसही चालत नाही. पाहुण्यांसमोर रडायलाच लागली. तरी मी पुष्कळ समजावले. शेवटी तिच्या हट्टापायी मलाही नाइलाजाने यावे लागत आहे. दोन तिकिटे काढ.'"

"खोडतायत का?" काकूंनी विचारलं.

बाई पडद्यावर नजर रोखून क्षणभर थांबल्या.

"छे," त्या म्हणाल्या. "हे सगळं एका दमात लिहिलं, एक अक्षरही न खोडता. गेलंसुद्धा."