लाल म्हणायचं नाही

देवधरकाकांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं असेल तर 'लाल' हा शब्द विसरावा लागे. माझी रूममेट कविता एकदा खिडकीतून बघत "वॉव, सगळं रेड रेड," म्हणाली, तर काकांनी पुढच्याच गॅस स्टेशनवर गाडी थांबवून तिला मागे मालतीकाकूंच्या शेजारी पाठवलं आणि मला पुढे बोलावलं.

"रेड सिग्नलला म्हणायचं," ते म्हणाले. "इथे नीट रंग सांग."

काका पेन्सिल्व्हेनियात जन्मभर पूल बांधून रिटायर झालेले इंजिनिअर. दर ऑक्टोबरमध्ये स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या आम्हा मराठी स्टुडंट्सना डोंगरातल्या रस्त्याने फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधी रंगलेली झाडं, बघायला नेणं हा त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेला उद्योग. आवाज असा, की चढावर इंजिन ऐकू येऊ नये. आपल्याला रंग दोनच कळतात, हे ते अभिमानाने सांगत: रंगवलेलं आणि न रंगवलेलं.

माझ्या बाबांचं सांगलीत साड्यांचं दुकान आहे, हे कळल्यावर पुढची सीट माझ्या नावावर झाली. मीही काही कमी नव्हते. कॉलिंग कार्डावर बाबांना फोन करून जास्तीचे रंग विचारून ठेवायची.

"डावीकडे डाळिंबी, काका. मागे हळदी. वळणावर आमसुली, लिंबू काठ."

"काठ केवढा?"

"चार बोटं."

"शाब्बास. पुढे चल." गाडी तेच चालवत होते, पण त्यांना ते सांगणार कोण?

हा खटाटोप मागे बसलेल्या काकूंसाठी होता. मधुमेहाने त्यांची नजर गेली होती. पूर्वी याच रस्त्यावरून जाताना त्या झाडाझाडाला साडीचा रंग द्यायच्या, आणि काका "मला ड्राइव्ह करू दे" म्हणून मान वळवायचे नाहीत. हे काकूंनीच मला हसत सांगितलं. काका त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

पुढच्या वर्षी काकूंचं हार्टचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी एकच रविवार हाताशी होता, आणि नेमका दोन दिवस सोसाट्याचा वारा सुटला. कविताला असाइनमेंट होती, म्हणून आम्ही तिघंच निघालो. डोंगरात शिरलो आणि माझी बोलती बंद झाली. झाडांच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या. काकांनी स्टिअरिंगवरची बोटं उचलून मला खूण केली, बोल. त्या दांडग्या माणसाचा चेहरा इतका केविलवाणा मी कधी पाहिला नव्हता.

मग मी बाबांच्या दुकानातली कपाटं डोळ्यांसमोर आणली आणि सुटलेच. डाळिंबी, कुसुंबी, मोतिया, शेंदरी. काका मध्येमध्ये "काठ?" विचारत होते, नेहमीपेक्षाही मोठ्याने.

व्ह्यू पॉइंटला ते डिकीतला चहाचा थर्मास काढायला उतरले. मागून काकूंचा हात माझ्या खांद्यावर आला.

"पानं गळलीत ना गं सगळी?"

मी डिकीकडे बघितलं.

"मघापासून चाकांखाली वाजतायत," त्या म्हणाल्या. "पण परत जाताना रंग सांगायची थांबू नकोस हं. इतकी वर्षं ह्यांनी या रस्त्यावरचं एक झाड बघितलं नाही. आता कुठे काठ विचारायला लागलेत."

चहा झाला, गाडी वळली. मी घसा साफ केला आणि म्हणाले, "उजवीकडे आमसुली."

काका तोंड उघडणार, तोच मागून काकूंनी विचारलं, "काठ केवढा?"